उंबरावर कोण चावी देतं

छप्पन साली माझ्या आजोबांनी देव सोडले, तेव्हा देवांबरोबर भुतंही सोडून दिली. घाऊक व्यवहार होता. परिणाम असा, की आमच्या घराण्यात गेल्या तीन पिढ्या कुणालाही घाबरायची सोय उरलेली नाही. बाकीच्यांचं बरं असतं. अंधारात काही खुट्ट झालं की ते देवाचं नाव घेतात आणि पांघरूण डोक्यावर ओढतात. आम्हाला उठून बघावं लागतं.

म्हणून बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या सुखशांती सोसायटीच्या मागच्या उंबरावर दिवेलागणीला कुणीतरी घड्याळाला चावी द्यायला लागलं, तेव्हा बघायला मलाच पाठवण्यात आलं.

"तुम्ही सेक्रेटरी," खजिनदार महेश भोईर म्हणाला, "आणि तुमच्यात भूत अलाऊड नाही. दोन्ही बाजूंनी तुमचंच काम आहे, रोकडेसाहेब."

आता हा चावीचा आवाज म्हणजे काय ते सांगायला हवं. किर्रर्र… मग जरा थांबणं… पुन्हा किर्रर्र. घाईचा नाही. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची चावी फिरवताना आतली दातेरी चाकं एकेक दात मोजून पुढे सरकतात, तसा. आणि तो आवाज आमच्या इमारतीत सगळ्यांच्या कानात बसलेला होता, कारण पहिल्या मजल्यावरचे धर्मराज म्हसकर आयुष्यभर रोज दिवेलागणीला घड्याळाला चावी देत. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ. एकदा चावी दिली की आठ दिवस चालायचं, पण काका रोज द्यायचे. उरलेल्या सात दिवसांवर त्यांचा विश्वास नव्हता. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांची, आणि मागचा उंबर म्हणजे त्यांच्या शेताचा बांध. बिल्डरला जमीन देताना त्यांनी एकच अट घातली होती. उंबराला हात लावायचा नाही.

धर्मराजकाका भाद्रपदात गेले. चावी नेहमीप्रमाणे सदऱ्याच्या खिशात होती, ती त्यांच्याबरोबरच गेली. घड्याळ बंद पडलं. आणि दसरा झाल्यावर एका संध्याकाळी, एमआयडीसीकडून येणारं ते पिवळसर धुकं पाण्याच्या टाकीवर टेकलेलं असताना, उंबराच्या पोटातून आवाज आला: किर्रर्र.

कुणाच्या घड्याळाला चावी लागत होती, कोण जाणे.

पहिल्या आठवड्यात सोसायटीने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या आठवड्यात सल्ले द्यायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या रखमाबाई म्हणाल्या, झाडाखाली दहीभात ठेवा. तो ठेवला, तो मांजराने खाल्ला, आणि मांजर दोन दिवस दिसलं नाही, म्हणून तोही पुरावा ठरला. सोसायटीत शिकवणीला येणारी मुलं मागच्या फाटकाऐवजी हायवेवरून वळसा घालून यायला लागली. सोसायटीचा कुत्रा काळू, जो आजवर पोस्टमनलाही घाबरला नाही असं मी अभिमानाने सांगत असे, तो संध्याकाळी उंबराकडे तोंड करून बसे आणि शेपटी हलवी. भुंकला असता तर बरं वाटलं असतं. शेपटी हलवत होता याचंच सगळ्यांना वाईट वाटलं.

मी बघायला गेलो. गेलो म्हणजे रुबाबात गेलो, हातात टॉर्च. उंबराखाली पिकून पडलेल्या फळांचा चिखल, त्यात पाय चिकटतात. मी खोडाजवळ पोचलो की आवाज बंद. मी परत फिरलो की पाठीमागून, अगदी मानेवर: किर्रर्र. वळलो की झाड नुसतं उभं. पान हलत नाही. मी पुन्हा चालायला लागलो की पुन्हा. असं तीनदा झाल्यावर मी शास्त्रीय दृष्टिकोन न सोडता थोडं भरभर चालत घरी आलो.

"धावत का आलात?" बायको म्हणाली. संध्याचे प्रश्न थोडे आणि नेमके असतात.

"धावत नाही. टॉर्चचा सेल संपत आला होता."

"मग पक्षी असेल," ती भाजी ढवळत म्हणाली.

हे मला सुचायला हवं होतं. मी लगेच सगळ्यांना सांगायला लागलो की मला पहिल्यापासूनच संशय होता.

पण प्रकरण एवढ्याने मिटणारं नव्हतं. म्हसकरांचा मुलगा जितेश वापीला असतो. त्याच्यापर्यंत बातमी गेली की तुझे बाबा उंबरावर आहेत आणि तुझी आई रोज संध्याकाळी गॅलरीत दोन कप चहा घेऊन बसते. त्याने फोन करून निर्णय कळवला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला बबन भगताला आणायचं. तो उंबरात खिळा ठोकून जे काही असेल ते बांधून टाकील. मग आईला वापीला न्यायचं आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा.

तुमच्याकडे ही पद्धत आहे की नाही ठाऊक नाही. आमच्या भागात झाडाला त्रास असला की भगत लोखंडी खिळा घेऊन येतो. मेलेल्याचं नाव जवळचं माणूस मोठ्याने घेतं, नाव हवेत असतानाच हातोडा पडतो, आणि नावासकट तो जीव झाडात बंद होतो. मग आवाज नाही, येणंजाणं नाही. कायमचं.

मी तातडीची सभा घेतली. तिथे पक्ष्याचा सिद्धांत मांडला.

"कोणता पक्षी?" महेशने विचारलं. तो इतिवृत्तही लिहितो.

"लहान असावा."

"नाव बोला ना साहेब. ठरावात काय लिहू? 'अज्ञात पक्षी'? जे अज्ञात आहे ते तर आम्ही आधीपासूनच बोलतोय."

तेवढ्यात कुणीतरी बबन भगताला फोन लावून स्पीकरवर टाकला. बबन आनंदनगरच्या एका कंपनीत बॉयलरवर असतो आणि भगतपण सुट्टीच्या दिवशी करतो. मागे बॉयलर सुं सुं करत होता, त्यावर आवाज चढवून तो म्हणाला, "हे बघा, माझा हिशोब सरळ आहे. ज्याचं नाव सांगता येतं ते तुमच्याकडं. ज्याचं नाव सांगता येत नाही ते माझ्याकडं. पक्ष्याचं पक्कं नाव द्या, मी हातोडा उचलणार नाही. 'पक्षी असेल' नाही चालणार. असेल-बिसेल सगळं माझ्या खात्यात येतं!"

एवढी स्वच्छ विभागणी मी सरकारी कचेरीतही पाहिलेली नाही. सभेने ती टाळ्या वाजवून मान्य केली. अमावस्येपर्यंत पक्ष्याचं नाव शोधून काढायचं काम सेक्रेटरीवर. विरोधात मत एकच पडलं, ते माझं. ते नोंदवलं गेलं नाही.

दुर्बीण आणायला उल्हासनगरला गेलो. तिथल्या गल्लीत एका सिंधी साईंचं दुकान आहे. घड्याळं, कॅमेरे, मिक्सर, सगळं काही एकमेकांवर रचलेलं. साईंनी खालून कुठूनतरी एक काळी दुर्बीण उपसली, फुंकर मारली.

"जर्मन है साईं. फौजी माल."

मी डोळ्याला लावली. समोरच्या दुकानाची पाटी दिसली, आणि तिच्या किंचित उजवीकडे तीच पाटी पुन्हा, फिकट, पाण्यात पडल्यासारखी.

"दो-दो दिखता है."

"एक के भाव में दो दिख रहा है, और क्या चाहिए?" साईं म्हणाले. मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणून बोलले, "फिकेवाले को मत देखने का. पक्केवाले को देखने का. आदत हो जाएगी."

सवय झाली नाही. त्या दुर्बिणीत प्रत्येक वस्तूला तिचा एक फिकट सोबती असायचा. घराला घर, खांबाला खांब. आणि मला शपथेवर सांगता येणार नाही, पण कधीकधी वाटायचं की पक्कं हललं की फिकं जरासं उशिरा हलतं. विचार करून हलल्यासारखं.

पुढचे बरेच दिवस मी उंबराच्या दिशेने दुर्बीण लावून उभा राहिलो. उंबराच्या पलीकडे 'चैतन्य'ची इमारत आणि तिच्या गॅलऱ्या येतात, हा भूगोल माझ्या लक्षात आला नव्हता. त्यांच्या लक्षात आला. त्यांचे अध्यक्ष येऊन आमच्या जिन्यात म्हणाले, "तुमचे सेक्रेटरी आमच्या बायकांचे कपडे वाळत घालताना बघतात." मी म्हटलं, मी पक्षी बघतो. ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." मला लेखी माफी द्यावी लागली. वय वर्षं चोपन्न, स्टोअर विभागातली निष्कलंक नोकरी, आणि ही शोभा. पायल, म्हणजे माझी मुलगी, कॉलेजातून आल्यावर म्हणाली, "पप्पा, आजसे तुम्ही मागच्या साइडला जाऊच नका. म्हसकर आजीच्या गॅलरीतून बघा ना. झाड सरळ तिच्या समोर आहे."

ते मी टाळत होतो. माझा म्हसकरकाकूंना सामोरं जायचा धीर होत नव्हता.

अंजनीकाकूंनी दार उघडलं. बारीक, पांढऱ्या केसांच्या, हातात पेटतं निरांजन. आतल्या भिंतीवर घड्याळ बंद. गॅलरीत पाटावर दोन कप चहा, एक प्यायलेला, एकावर साय धरलेली.

"या सेक्रेटरी. बसा. अजून यायचेत."

त्या निरांजन कठड्यावर ठेवून गुणगुणायला लागल्या. त्यांच्या माहेरी जात्यावर गायची चाल, पण शब्द त्यांचे स्वतःचे असावेत:

*दिवा लावते मी बाई, दिवा वाऱ्याशी बोलतो*
*उंबराच्या अंधारात कोण पायऱ्या मोजतो*

ज्योत वाकली. सरळ झाली. आणि समोर हाताच्या अंतरावरून, इतक्या जवळून की माझ्या दातांना जाणवलं: किर्रर्र.

काकूंनी डोळे मिटून घेतले. हसल्या. नवी नवरी हसते तशा.

"बघा," त्या म्हणाल्या. "एकदाही चुकले नाहीत."

मी दुर्बीण लावली. पानांच्या जाळीत काहीतरी चिमणीहून लहान, तपकिरी. एवढासा जीव, पण डोळा केवढा काळा! डोळ्याभोवती फिकट कडं, त्यामुळे तो सारखा काहीतरी आठवल्यासारखा बघत होता. शेपटी वर उचलली, खाली पाडली. उचलताना तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं चमकलं. शेजारी त्याचा फिकट जोडीदार. दोघं माझ्याकडे बघत होते. मग नाहीसे झाले. आधी एक, मग दुसरा.

"काकू, तो पक्षी आहे," मी हळूच म्हटलं. "मी नाव शोधतोय. नाव सापडलं तर खिळा मारणार नाहीत. तुम्हाला वापीलाही जावं लागणार नाही."

त्यांनी सायीचा कप जरा स्वतःकडे ओढला.

"आणि पक्षी निघाला, तर मग हे कुठं गेले, सेक्रेटरी?"

आजोबांनी ज्या वस्तू सोडल्या होत्या, त्यांत याचं उत्तरही गेलं असावं. खिळा पडला तर ते झाडात कोंडले जाणार, आणि पक्षी ठरला तर ते कधी आलेच नव्हते असं होणार. मी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथच्या सुयोगसरांना गाठलं. ते शाळेत भूगोल शिकवतात आणि रविवारी पक्षी बघतात. मी वर्णन सांगितलं, त्यांनी एका क्षणात सांगितलं, "माशीमार. लाल छातीचा. पुस्तकात तांबुला म्हणतात."

"छाती लाल नाहीये."

"मादी असेल, किंवा पहिल्या वर्षाचं पिल्लू. लाली फक्त मोठ्या नराला. पण थांबा, लगेच नाव देऊ नका. त्याचा एक सैबेरियातला भाऊ आहे. हुबेहूब. एक युरोपातून येतो, एक सैबेरियातून. कोणता आहे ते ठरल्याशिवाय मी नोंद मान्य करत नाही."

"सर, खिळा मारायचा आहे हो. युरोप-सैबेरियाने काय फरक पडतो?"

"पक्क्या नावाने पडतो, असं तुम्हीच म्हणालात ना?" सर म्हणाले. त्यांचं आणि बबनचं चांगलं जमलं असतं. "चोचीचा खालचा भाग मुळाशी फिकट आहे का बघा. शेपटीच्या वरचं पिसांचं पांघरूण शेपटीहून काळं आहे का बघा. काळंकुट्ट असेल तर सैबेरिया. आणि आवाज ऐका. सैबेरियावाला भर्रकन बोलतो. युरोपवाला सावकाश, दात मोजत."

धर्मराजकाकाही सावकाशच द्यायचे, असं माझ्या मनात आलं. मी ते मनातून काढून टाकलं.

सरांनी दोन्ही आवाज मोबाइलवर पाठवले. मी संध्याकाळी उंबराखाली उभा राहून, आधी त्याचा ऐकायचा, मग मोबाइलवरचा लावायचा, असा बेत केला. कानाशी धरून, हळू आवाजात. पण पायलचा गाणी लावायचा डबा, ज्याला ती स्पीकर म्हणते, आमच्या गच्चीवर सुरू होता, आणि माझा मोबाइल पूर्वी कधीतरी त्याला जोडलेला होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बटण दाबलं. मोबाइल गप्प. गच्चीवरून सबंध शिरगावाला ऐकू जाईल असा आवाज: कि र्र र्र र्र!

उंबरावरून उत्तर आलं: किर्रर्र.

गच्चीवरून पुन्हा. उंबरावरून पुन्हा. खिडक्या धडाधड बंद झाल्या. रखमाबाई "आता दोघं आले गं!" असं ओरडून बाहेर पळाल्या त्या आत पळायचं विसरल्या. टँकरवाला पाणी अर्धवट सोडून टँकरसकट गेला. महेश मला म्हणाला, "साहेब, ये अपने बस का नहीं है," आणि हे सांगताना तो माझ्याच पाठीमागे उभा होता. मी मोबाइलची सगळी बटणं दाबत होतो, त्यामुळे आता सैबेरियावालाही सुरू झाला.

या सगळ्या गदारोळात वर बघितलं तर अंजनीकाकू गॅलरीत आलेल्या. निरांजनाचा उजेड हनुवटीपर्यंत. घाबरलेल्या नव्हत्या. उंबराकडे बघून अगदी हलक्या आवाजात, घरी पाहुणा आल्यावर विचारतात तसं विचारत होत्या:

"कुणाला घेऊन आलात हो?"

माझा हात थांबला. गच्चीवरचा आवाज आपोआप बंद झाला. उंबरावरचाही. त्या शांततेत एक पिकलेलं फळ चिखलात पडलं, आणि मला, रोकडे घराण्याच्या तिसऱ्या पिढीला, प्रथमच असं वाटलं की घाबरायची थोडीशी सोय असती तर बरं झालं असतं.

अमावस्या आली. जितेश सकाळच्या गाडीने आला. आईची पेटी बांधून दाराशी ठेवली. संध्याकाळी बबन शिफ्ट सुटल्यावर रिक्षाने थेट आला, अंगात कंपनीचा निळा डगला, पिशवीत नारळ, लिंबं आणि वीतभर लांबीचा काळा खिळा. सगळी सोसायटी उंबराभोवती गोल करून उभी. 'चैतन्य'वालेही गॅलऱ्यांतून बघत होते. त्यांच्याकडून लेखी माफी कुणी मागितली नाही.

"नाव मिळालं?" बबनने विचारलं.

"मिळतंय," मी दुर्बीण लावून म्हटलं.

धुकं खाली उतरलं होतं. उंबराचं खोड राखेच्या रंगाचं झालं होतं. काही नाही, काही नाही. आणि मग खालच्या फांदीवर, बबनच्या हातोड्यापासून चार हातांवर, तो. माशी टिपायला खाली झेपावला, परत येऊन बसला, शेपटी उचलली. मी फिकटाकडे न बघता पक्क्याकडे बघितलं. चोच मुळाशी फिकट. शेपटीवरचं पांघरूण तपकिरी, काळंकुट्ट नाही. आणि त्याने चोच उघडली: किर्रर्र. सावकाश. दात मोजत.

"तांबुला!" मी ओरडलो. "लाल छातीचा माशीमार! युरोपातला! पक्का!"

सगळ्यांनी बघितलं. गर्दीत कुजबुज झाली. महेश पुढे आला.

"साहेब, लाल कुठंय?"

"लहान आहे अजून. लाल पुढे होणार."

"नाव लाल छातीचा आणि छाती पांढरी?"

"पुस्तकात आहे तसं."

बबनने खिन्नपणे मान हलवली. "रोकडेसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. नाव एक, रूप दुसरं, हे आमच्याच खात्यात असतं." त्याने खिळा खोडावर टेकवला. पक्षी उडाला नाही. जागचा हलला नाही. त्या काळ्या डोळ्याने खिळ्याकडे बघत राहिला. "चला, काकूंना आणा. नाव घ्यायला पाहिजे."

जितेश आईचा हात धरून तिला घेऊन आला. काकूंनी निरांजन आणलं होतं. ते त्यांनी उंबराच्या मुळाशी ठेवलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"आई, बाबांचं नाव घे. मोठ्याने. एकदाच."

"मी ह्यांचं नाव कधी घेतलंय का रे?" काकू म्हणाल्या. "लग्नाला पन्नास वर्षं होत आली. उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नाही."

"मग उखाण्यात घे."

त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. "सेक्रेटरी, काय म्हणालात तुम्ही? परत सांगा."

"तांबुला," मी म्हटलं.

"लांबून येतो?"

"युरोपातून. हजारो मैल. दर हिवाळ्यात. कधीकधी त्याच झाडावर परत."

त्यांनी मान डोलावली. बबनने हातोडा उचलला. सगळं इतकं स्तब्ध झालं की निरांजनाचं तेल जळताना ऐकू येत होतं. काकू लाजल्या. हे मी चांगल्या उजेडात नाही, पण नीट पाहिलं. आणि लग्नमंडपात उभं असल्यासारखा, स्वच्छ, खणखणीत उखाणा घेतला:

*"उंबराला येतं फूल, पण पाहिलं कुणी नाही,*
*तांबुल्याचं नाव घेते, झाडावर दुसरं कुणी नाही."*

हातोडा वरच राहिला. फांदीवरून आवाज आला: किर्रर्र.

बबनने खिळा काढून पिशवीत टाकला. "नाव लागलं," तो म्हणाला. "घरच्या माणसाने घेतलं आणि त्यानं ओ दिली. माझं काम नाही इथं." आणि नारळ मात्र फोडला, कारण आणलेला नारळ परत नेत नाहीत.

टाळ्या वाजल्या. जितेशने मोकळा श्वास सोडला. त्याला पक्षी मान्य होता. बाप झाडावर असण्यापेक्षा पक्षी असणं त्यालाही सोपं होतं. म्हणाला, "आई, मग राहतेस इथंच?" आणि पेटी स्वतःच परत वर नेली. महेशने इतिवृत्तात "तांबुला (युरोप)" असं लिहून माझी सही घेतली. बबन जाताना खोबऱ्याचा तुकडा चावत मला म्हणाला, "साहेब, युरोपातून येतो म्हणता, कशानं?"

"उडत."

"आणि तो इकडं असला की तिकडची ड्युटी कोण बघतं?"

मी विजयाच्या मूडमध्ये होतो. पण माझ्या लक्षात आलं की टाळ्या पुरुषच वाजवतायत. बायका गप्प उभ्या होत्या. रखमाबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. संध्याने माझं कोपर इतकं घट्ट धरलं होतं की दुखत होतं.

"काय झालं?" मी म्हटलं. "जिंकलो की आपण. काकूंनी पक्ष्याचं नाव घेतलं."

"अहो," संध्या माझ्या कानाशी म्हणाली, "उखाण्यात बाई पक्ष्याचं नाव घेत नसते."

माघात एकदा, फाल्गुनात पुष्कळदा मी काकूंच्या गॅलरीत बसलो. चहा दोन कप असायचे, मी गेलो की तीन. घड्याळ बंदच राहिलं. चैत्र लागला तसा सुयोगसरांचा निरोप आला की बदलापुरातले सगळे तांबुले गेले, शेवटची नोंद झाली. उंबर खरंच गप्प झाला. मी सोसायटीच्या फळ्यावर तशी सूचनाही लावली, की पक्षी परत गेला असून रहिवाशांनी मागचं फाटक वापरावं. मुलं पुन्हा मागून यायला लागली. काळू संध्याकाळी उंबराकडे तोंड करून बसायचा थांबला नाही, पण कुत्र्याला सूचना वाचता येत नाही.

वैशाखात एका दिवेलागणीला काकूंनी वरून हाक मारली. "सेक्रेटरी, तेवढी दुर्बीण घेऊन येता?"

मी गेलो. पाटावर तीन कप मांडलेले. उकाड्याने पान हलत नव्हतं. बराच वेळ आम्ही दोघं बसून होतो. मग समोरून आवाज आला, अगदी सावकाश, एकेक दात मोजत.

काकूंनी डोळे मिटलेले होते. "माझे आता डोळे पोचत नाहीत तिथवर," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा. आहे का हो?"

मी दुर्बीण लावली. फांदी दिसली, आणि तिच्या उजवीकडे तिची फिकट सोबतीण. पक्क्याकडे बघायचं, फिक्याकडे बघायचं नाही, हे साईंनी सांगितलेलं मला आठवलं. मी पक्क्या फांदीकडे नीट, पुन्हा पुन्हा बघितलं. ती रिकामी होती.

फिकट फांदीवर एक शेपटी उचलली गेली, आणि खाली आली.

"आहे, काकू," मी म्हटलं.

त्यांनी तिसरा कप पुढे सरकवला. मी नाव घेतलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.